भाजलेल्या कातडीचं विज्ञान आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी जळीत वॉर्डच्या बाहेर रात्र काढली आहे. पोलीस चौकीत कसं बोलायचं, पंचनाम्यात काय बघायचं, जबाबाची प्रत कशी मागायची हे आपण कामातून शिकत गेलो. पण वॉर्डच्या दरवाजाशी आपण थांबतो. आत जे चालतं ते डॉक्टरांचं काम, असं धरून चालतो. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "साठ टक्के आहे", आणि आपण मान हलवतो. साठ टक्के म्हणजे नेमकं काय, त्याचा तिच्या जगण्याशी, जबाबाशी आणि पुढच्या आयुष्याशी काय संबंध, हे आपण विचारत नाही.

आज मला त्या दरवाजाच्या आतलं बोलायचं आहे. भाजलेल्या कातडीवर जगात गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत खूप संशोधन झालं, त्यातलं काही आपल्या मुंबई-सोलापूरला झालं. ते आपल्याला माहीत असायला हवं, कारण त्यातलं बरंचसं स्वस्त आहे, साधं आहे, आणि तरीही आपल्या बाईपर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे, या संशोधनाने काय विचारलं आणि काय विचारलंच नाही, तेही आपणच सांगायला हवं.

किती बायका?

आधी आकडा. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांनी २००१ या एका वर्षातल्या मृत्यूंच्या निरनिराळ्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षी भारतात आगीने १ लाख ६३ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातल्या सुमारे १ लाख ६ हजार बायका होत्या आणि त्यातल्या बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. तरुण पुरुषांपेक्षा तरुण बायका तिप्पट. आणि हा एकूण आकडा पोलिसांच्या नोंदीच्या सहापट होता.

सहापट! म्हणजे पोलिसांच्या कागदावर एक, तर प्रत्यक्षात सहा. जगात इतरत्र आगीच्या अपघातात साधारणपणे इतका फरक दिसत नाही. आपल्याकडे दिसतो, कारण चूल आणि स्टोव्ह बाईकडे, नायलॉनची साडी बाईच्या अंगावर, आणि रॉकेलचा डबा ज्या भांडणात उचलला जातो ते भांडणही तिच्याच घरातलं. अपघात, आत्महत्या आणि खून या तिन्ही गोष्टी एकाच "स्टोव्हचा भडका झाला" या वाक्यात झाकल्या जातात, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलोय. आता अनेक घरांत गॅस आला, रॉकेल कमी झालं. पण आगपेटी घरात आहे आणि भांडणही घरात आहे.

कातडी जळते म्हणजे काय होतं?

कातडी हा शरीराचा सगळ्यात मोठा अवयव. ती आतलं पाणी आत ठेवते, बाहेरचे जंतू बाहेर ठेवते आणि अंगाची ऊब सांभाळते. ती जळाली की ही तिन्ही कामं एकदम बंद पडतात.

१९५३ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन या सर्जनने भाजलेल्या जागेचे तीन भाग दाखवून दिले. मधला भाग मेलेला असतो, तो परत येत नाही. सगळ्यात बाहेरचा लाल झालेला भाग आपोआप बरा होतो. या दोन्हींच्या मधला भाग अर्धवट असतो. तिथलं रक्त वाहणं मंदावलेलं असतं. नीट उपचार मिळाले तर तो जगतो, नाही मिळाले तर एक-दोन दिवसांत मरतो आणि जखम खोल होते, रुंद होते. म्हणजे बाई किती भाजली हे आग विझल्या क्षणी पूर्ण ठरलेलं नसतं. त्यातलं काही पुढच्या तासांत ठरतं, आणि ते आपल्या हातात असतं.

हातात काय असतं? पाणी. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे प्रयोगशाळेत डुकरांच्या कातडीवर प्रयोग झाले, कारण डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी मिळतीजुळती असते. किती वेळ पाणी घातलं की जखम कमी खोल जाते, हे त्यांनी मोजलं. आज सांगितलं जातं ते असं: वाहतं, साधं गार पाणी, वीस मिनिटं. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ नाही, कारण बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही, हळद नाही. यातली कुठलीही गोष्ट आग शोषून घेत नाही. उलट डॉक्टरला जखम दिसत नाही आणि ती खरवडून काढताना बाईचे हाल होतात. पेटलेल्या बाईला जमिनीवर लोळवून, घोंगडी किंवा जाड सुती कापडाने आग विझवायची, मग घोंगडी काढायची आणि पाणी घालायचं. खूप मोठा भाग भाजला असेल तर पाण्यानंतर कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून ऊब राखायची, कारण अंग गार पडणं हाही धोकाच आहे. हातातल्या बांगड्या, बोटातल्या अंगठ्या, पायातली जोडवी सूज चढायच्या आत काढायची. मंगळसूत्र काढायला कुणी कचरलं तर समजावून काढायचं. गळा सुजल्यावर ते कापावं लागतं.

पाण्याची ही गोष्ट आपण प्रत्येक बचत गटात, प्रत्येक अंगणवाडीत सांगू शकतो. त्याला कुठल्याही मंजुरीची गरज नाही.

टक्के आणि सलाइन

आता ते "साठ टक्के". १९५१ साली एडिंबराच्या अलेक्झांडर वॉलेस यांनी एक सोपी मोजणी प्रसिद्ध केली. डोकं आणि मान मिळून नऊ टक्के, एक हात नऊ टक्के, छाती-पोट अठरा, पाठ अठरा, एक पाय अठरा, आणि जांघेमधला भाग एक. बेरीज शंभर. लहान ठिपक्यांसाठी रोगी बाईचा स्वतःचा पंजा बोटांसकट साधारण एक टक्का धरतात. ही मोजणी आपल्यालाही जमते.

टक्के मोजायचे ते सलाइन ठरवायला. भाजलेल्या जागेतून आणि फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून शरीरातलं पाणी झरझर बाहेर जातं. पहिल्या दिवसात ते भरून काढलं नाही तर मूत्रपिंडं बंद पडतात. १९६८ साली अमेरिकेत डलासच्या पार्कलंड रुग्णालयातून आलेला हिशेब आजही जगभर वापरतात: वजन गुणिले टक्के गुणिले चार, इतके मिलिलिटर पहिल्या चोवीस तासांत. ५० किलोची बाई ४० टक्के भाजली तर ८ लिटर. त्यातलं निम्मं, म्हणजे ४ लिटर, पहिल्या आठ तासांत.

इथे एक गोष्ट नीट ऐका. ते आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. आता आपल्या बाईचं वेळापत्रक आठवून बघा. आधी सासरचे शेजाऱ्यांपासून लपवतात. मग खाजगी डॉक्टर "पोलीस केस आहे" म्हणून हात झटकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला. सलाइन न लावता सहा तास गेले, तर चार लिटरचा हिशेब उरलेल्या दोन तासांत कसा बसवणार? वॉर्डात चार दिवसांनी ती मेली तर कागदावर "सेप्टिसिमिया" लिहिलं जातं, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग. तो खराच असतो. पण त्या मरणात वाटेतल्या सहा तासांचाही वाटा असतो, आणि तो कुठेच लिहिला जात नाही. म्हणून आपण हट्ट धरायचा: ज्या पहिल्या सरकारी दवाखान्यात ती पोचेल तिथे सलाइन लागलंच पाहिजे, मगच पुढे पाठवणं, आणि पाठवणीच्या चिठ्ठीवर भाजल्याची वेळ, टक्के आणि दिलेलं सलाइन लिहिलंच पाहिजे.

तीच आकृती, तोच पुरावा

टक्के मोजण्यासाठी डॉक्टर कागदावरच्या माणसाच्या आकृतीत भाजलेला भाग रंगवतात, पुढून आणि मागून. लंड आणि ब्राउडर या दोघांनी १९४४ साली बॉस्टनहून प्रसिद्ध केलेला हा तक्ता आहे. तो उपचारासाठी बनला. पण आपल्या दृष्टीने तोच पुरावाही आहे. स्वयंपाक करताना पदर पेटला तर कुठला भाग आधी जळतो, आणि डोक्यावरून रॉकेल ओतलं तर कुठला, यात फरक असतो. एकट्या आकृतीवरून गुन्हा सिद्ध होत नाही आणि तसा दावा आपण करूही नये. पण ती आकृती पहिल्या दिवशी नीट भरलेली असेल तर पुढे "स्टोव्हचा भडका" ही गोष्ट तपासून बघता येते. नुसता "६० टक्के" हा आकडा असेल तर काहीच बघता येत नाही. तसंच तिच्या अंगावरून काढलेले कपडे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कापडातलं रॉकेल ओळखता येतं, पण कपडे कचऱ्याच्या डब्यात गेले तर नाही.

आणखी एक. भाजलेली बाई, अगदी नव्वद टक्के भाजलेलीसुद्धा, पहिले काही तास बरेचदा पूर्ण शुद्धीवर असते. खोल भाजलेल्या ठिकाणच्या नसा जळाल्यामुळे तिथे वेदनाही कमी असते. ती बोलते, मुलांची चौकशी करते, पाणी मागते. नातेवाइकांना वाटतं, वाचली. पण धूर गेला असेल तर घशाला सूज येते, श्वासासाठी नळी घालावी लागते आणि मग तिला बोलता येत नाही. म्हणजे जबाबाची वेळ तीच, पहिल्या काही तासांची. २००२ साली 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की जबाब घेणाऱ्याची तिच्या शुद्धीबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून मृत्यूपूर्व जबाब फेकून देता येत नाही. तरीही डॉक्टरने शुद्धीची नोंद वेळेसकट करावी असाच आग्रह आपण धरतो. आणि जबाबाच्या वेळी नवरा-सासू खाटेच्या उशाशी नकोत, हा तर आपला जुनाच आग्रह आहे.

हे ज्ञान कोणाच्या जखमांतून आलं?

भाजण्यावरचं संशोधन पुढे सरकलं ते युद्धांमुळे आणि मोठ्या दुर्घटनांमुळे. १९४२ साली बॉस्टनमधल्या 'कोकोनट ग्रोव्ह' या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. त्या एका रात्रीच्या रोग्यांवरून डॉक्टरांनी सलाइन, पट्ट्या आणि धुराने होणारी इजा याबद्दल केवढंतरी लिहून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक भाजले आणि त्यांच्यासाठी खास रुग्णालयं उभी राहिली. आपल्या देशात एका वर्षात लाखावर बायका जळाल्या, त्यावर तितकी घाई कुणी केली?

पण इतिहासात बायका आहेत, नीट बघितलं तर दिसतात. १९४३ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात गॅसच्या शेगडीवर पडून भाजलेली एक तरुण बाई दाखल होती. थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी तिच्या जखमेवर तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. ते काही दिवसांनी गळून पडले. दुसऱ्यांदा लावले, ते आणखी लवकर गळाले. म्हणजे शरीर परकी कातडी ओळखतं आणि लक्षातही ठेवतं. पुढे याच दिशेने केलेल्या कामासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळालं. आज मूत्रपिंड, यकृत बसवतात त्याच्या मुळाशी हे ज्ञान आहे. त्या संशोधनात ती बाई एक रोगी म्हणून उरली.

आणि दुसरी बाई, ती सर्जन होती. झोरा यान्झेकोविच. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर या गावात काम करायची. त्या काळात जळालेली कातडी आपोआप सुटून येईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट बघत. तोवर जखम सडायची, रोज पट्टी बदलताना रोगी किंचाळायचा, अनेक जण त्यातच जायचे. यान्झेकोविचने ठरवलं, वाट बघायची नाही. पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ पातळ सोलून काढायचा, जिवंत, रक्त येणारा थर लागेपर्यंत, आणि त्याच दिवशी रोग्याचीच चांगली कातडी काढून वर लावायची. १९७० साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला आणि मोठमोठ्या देशांतले सर्जन हे बघायला त्या छोट्या गावात गेले. आज जगभर हीच पद्धत मानली जाते. १९४०च्या सुमारास तरुण माणूस चाळीस-पंचेचाळीस टक्के भाजला तर वाचण्याची शक्यता निम्मी असे. आज चांगल्या केंद्रांत ऐंशी टक्के भाजलेलेही वाचतात. आपल्या अनेक वॉर्डांत मात्र चाळीस-पन्नासच्या पुढे आशा सोडलेली असते. ज्ञान तेच आहे. कमी आहेत ती ऑपरेशनची टेबलं, रक्त, नर्सेस आणि कातडी.

आपल्याकडचं संशोधन

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही, आणि हे अभिमानाने सांगावं असं आहे. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीवर निबंध लिहिला. साली पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून जखमेवर लावायच्या. त्या जखमेला ओलावा धरून ठेवतात. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रोग्यांवर मधाची पट्टी आणि नेहमीचं चांदीचं पांढरं मलम यांची तुलना करून ती ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापली. मधाने जखमा लवकर स्वच्छ झाल्या असं त्यांना दिसलं. त्यानंतर जगात मधावर पुष्कळ लिहिलं गेलं. मात्र भाजण्यातल्या मधाचे बरेचसे प्रयोग त्यांचेच आहेत, त्यामुळे ते इतरांनीही पडताळायला हवेत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. २००३ साली ते निबंध आले. केळीचं पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी काढताना दुखत नाही. ज्या बाईने रोज सकाळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा आवाज ऐकून थरथर कापायचं, तिच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

कृपा करून याचा अर्थ घरी जखमेवर बटाटा किंवा डब्यातला मध लावा असा घेऊ नका. पट्टी निर्जंतुक करणं हा या सगळ्या प्रयोगांचा कणा आहे.

डॉ. गोरे यांच्याच पुढाकाराने २००० साली सायनला त्वचापेढी सुरू झाली. ज्या बाईचं स्वतःचं चांगलं कातडं फारसं उरलेलंच नाही, तिच्या जखमेवर मृत माणसाची दान केलेली कातडी तात्पुरती लावतात. ग्लासगोच्या त्या बाईने दाखवून दिल्याप्रमाणे ती दोन-चार आठवड्यांत गळून पडते. पण तेवढ्या दिवसांत पाणी आणि जंतू दोन्ही अडतात, वेदना कमी होतात आणि तिचं स्वतःचं कातडं पुन्हा काढता येईपर्यंत वेळ मिळतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ही कातडी घेतात, मांड्या, पाय आणि पाठ इथून, तीही फक्त वरचा पातळ थर. रक्तगट जुळावा लागत नाही. देह विद्रूप होत नाही, त्यावर पट्टी बांधून देतात. नेत्रदानाच्या बरोबरीने हे करता येतं. नेत्रदान आपल्या गावागावांत पोचलं. त्वचादान अजून पोचलेलं नाही. भाजून मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त तरुण बायका आहेत, तेव्हा हे काम आपलंच नाही का?

जखम भरल्यानंतर

आता माझी तक्रार. अशा निबंधांत काय मोजतात ते बघा. जखम किती दिवसांत भरली, जंतू किती दिवसांत गेले, खर्च किती आला. हे मोजायलाच हवं. पण ती कशी भाजली? घरी कोणाकडे गेली? तीन वर्षांनी तिला हात डोक्याच्या वर नेता येतो का? पोटच्या पोराला ती जवळ घेऊ शकते का, की पोर चेहरा बघून रडतं? हे बहुतेक ठिकाणी मोजलेलं नसतं. "बरी होऊन घरी गेली" असा शेरा पडतो आणि फाइल बंद होते.

भाजलेली कातडी भरून आल्यावर महिनोन् महिने आखडत राहते. हनुवटी छातीला चिकटते, काखेत पडदा येतो, बोटं तळव्यात वळतात. हे टाळण्याचे उपाय पहिल्या आठवड्यापासून करायचे असतात आणि ते महागही नाहीत. मान भाजली असेल तर डोक्याखाली उशी घ्यायची नाही, मान मागे ताणलेली राहिली पाहिजे. हात अंगापासून दूर ठेवायचा. बोटं सरळ राहतील अशी फळी बांधायची. रोज व्यायाम, दुखलं तरी. जखम भरल्यावर तेलाने मालिश, आणि मापाने शिवलेले घट्ट दाबाचे कपडे, दिवसातले तेवीस तास, वर्ष-दीड वर्ष. आता मला सांगा, ज्या बाईला घरी गेल्या गेल्या चुलीपुढे बसवलं जातं, जिला माहेरी "किती दिवस राहणार?" विचारतात, ती उकाड्यात ते कपडे दीड वर्ष कशी घालणार, आणि व्यायामाला बसने तालुक्याला कशी जाणार? उपाय माहीत आहे, पण तो तिच्या दिवसात बसत नाही. हाही संशोधनाचाच विषय आहे.

आणि हे होऊ शकतं, कारण एकदा झालेलं आहे. महायुद्धात भाजलेल्या त्या वैमानिकांवर इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचा सर्जन उपचार करत होता. त्याने ओळखलं, की नवीन पापण्या बसवून भागणार नाही. त्याने गावकऱ्यांशी बोलून ठेवलं: ही पोरं रस्त्यात दिसली तर टक लावून बघू नका, घरी जेवायला बोलवा. दवाखान्याचे रोगट कपडे बंद करून त्यांना स्वतःच्या गणवेशात हिंडू दिलं. १९४१ साली त्या रोग्यांनी स्वतःचा क्लबच काढला, तो युद्धानंतर अनेक दशकं चालला. युद्धात भाजलेल्या पुरुषासाठी अख्खं गाव तयार केलं गेलं. घरात भाजलेल्या बाईसाठी आपण एक गल्ली तयार केली आहे का?

कायद्याचंही बघा. २०१६च्या अपंगत्व कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तींना स्वतंत्र नाव मिळालं. चळवळीच्या रेट्याने मिळालं, फार चांगलं झालं. पण रॉकेलने जिचा चेहरा गेला तिचं तिथे नाव नाही. तिचा हात वाकडा झाला तर हालचालीच्या अपंगत्वात ती बसेल; चेहरा नुसताच विद्रूप झाला तर कोणत्या रकान्यात बसवणार? कातडीला ॲसिड आणि रॉकेल यातला फरक कळतो, पण त्या बाईला नोकरी नाकारणाऱ्याला कळत नाही.

थांबवता येतं

शेवटचा मुद्दा. भाजण्यावरच्या संशोधनाचा सगळ्यात मोठा विजय वॉर्डच्या बाहेर झाला. इंग्लंडमध्ये डॉ. लिओनार्ड कोलब्रुक आणि त्यांच्या पत्नी व्हेरा यांनी १९४९ साली हजार रोग्यांचा आढावा घेतला: कशाने भाजले? उघड्या शेगड्या आणि पेट घेणारे कपडे. त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९५२ साली शेगडीला जाळी लावणं सक्तीचं करणारा कायदा झाला. १९६४ साली मुलांच्या झोपण्याच्या झग्यांच्या कापडावर नियम आले. श्रीलंकेत विजया गोडकुंबुरा या सर्जनने बाटलीच्या दिव्याने भाजलेली माणसं बघून एक बुटका, जाड काचेचा, फिरकीच्या झाकणाचा दिवा केला. तो कलंडला तरी तेल सांडत नाही. हे सगळं एका प्रश्नातून आलं: "कशाने भाजले?" आपल्या वॉर्डांत हा प्रश्न पोलिसांसाठी विचारतात आणि "अपघात" लिहून संपवतात. तोच प्रश्न आरोग्यासाठी, बाईला एकटीला, विश्वासात घेऊन विचारला तर उत्तर वेगळं येतं, आणि त्या उत्तरात कापड असेल, शेगडी असेल, आणि नवराही असेल.

म्हणून या शिबिरातून जाताना प्रत्येक गटाने चार कामं घ्यावीत असं मी सुचवते. एक, वीस मिनिटं पाण्याची गोष्ट आपल्या भागात घरोघरी सांगायची. दोन, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारायचं: भाजलेली बाई आली तर सलाइन आहे का, आकृतीचा तक्ता आहे का, कपडे सील करतात का? नसेल तर लेखी मागायचं. तीन, त्वचादानाचे अर्ज नेत्रदानाबरोबर भरून घ्यायचे, सुरुवात आपल्यापासून. चार, वाचून घरी आलेल्या प्रत्येक बाईकडे एका कार्यकर्तीने वर्षभर जायचं, व्यायामाला सोबत करायची आणि काय दिसतं ते वहीत लिहायचं. डॉक्टरांनी न मोजलेलं आपण मोजू या. शंभर बायकांच्या अशा वह्या जमल्या की त्या घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात जाऊ आणि म्हणू, आता हे संशोधन तुम्ही आमच्याबरोबर करा.

प्रश्न असतील तर विचारा. ज्यांना स्वतःचं सांगायचं असेल त्यांनी मोकळेपणाने सांगा. ते इथेच राहील.